लाथेचा मान

मुखवटा चढवला की माणूस संपतो आणि देव सुरू होतो. आमच्या गावात हे इतक्या गंभीरपणे सांगतात की ऐकणारा नकळत चपला काढतो. लहानपणी मीही काढल्या आहेत. पुढे ज्या देवाशी माझा प्रत्यक्ष संबंध आला, त्याने मात्र मुखवटा चढवण्याआधी विचारलं होतं, "आत टेबलफॅन बसंल का?"

गाव गेवराईच्या पुढे, गोदावरीच्या काठाला. तिथे नरसिंहाचं देऊळ आहे आणि वैशाखात नरसिंह जयंतीला सोंगं निघतात. म्हणजे गावातलीच माणसं मुखवटे आणि पोशाख चढवून देव-दैत्य होतात. आधी सोंडेचा गणपती, मग कमरेला लाकडी मोर बांधलेली सरस्वती, मग वेताळ, आणि शेवटी तिन्हीसांजेला खांब फोडून नरसिंह. बाकीचे मुखवटे कागदाचे. रद्दी भिजवायची, कुटायची, डिंक आणि मेथीचं पीठ घालून लगदा करायचा आणि मातीच्या साच्यावर थापायचा. मेथी कडू असल्यामुळे किडे खात नाहीत. वर्षभर देवळाच्या माळ्यावर पडून राहणाऱ्या देवांना एवढी काळजी घ्यावीच लागते. नरसिंहाचा मुखवटा तेवढा पांगाऱ्याच्या लाकडाचा होता. जबडा उघडा, जीभ बाहेर, आणि डोळे असे वटारलेले की जणू कुणीतरी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं आहे.

प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराण्याकडे. आमचं किराणा दुकान, घर लिंगायत. आम्ही शंकराची माणसं, म्हणून विष्णूचा वैरी आमच्याकडे दिला असावा. हिरण्यकशिपू आमच्याकडे होता. पणजोबांचं पोट फाडलं, आजोबांचं फाडलं, वडिलांचं तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रात्री ते घरी येऊन भाकरी मागायचे. मानाला घराण्यापलीकडचं काही बघता येत नसल्याने आमचा प्रल्हादही बाळ नव्हता. तो गावचा पोस्टमन होता आणि निवृत्तीला आला होता. कपाळावर गंध आणि तोंडात पान अशा अवस्थेत तो माझ्या वडिलांना "बाबा" म्हणायचा. वडील त्याच्यापेक्षा लहान होते.

नरसिंहाला मुखवटा आहे, हिरण्यकशिपूला नाही. त्याला नुसत्या शेळीच्या केसांच्या मिशा. देवाचा चेहरा झाकला तरी चालतं, राक्षस मात्र ओळखू यावा लागतो.

म्हणूनच त्याच्या पोशाखाला इतिहास आहे. आमच्या घरच्या ट्रंकेत हिरण्यकशिपूची शेरवानी होती. पुराणात शेरवानी नाही. पणजोबांच्या काळात निजामाचं राज्य होतं आणि वसुलीला येणारा अंमलदार शेरवानी घालून यायचा. गावाने तशीच शिवून राक्षसाला घातली आणि दर वैशाखात तिच्यावरून पोट फाडलं. अंमलदार स्वतः पहिल्या रांगेत बसून बघायचा आणि कापड बरं आहे म्हणायचा, असं घरी सांगत. आजोबांच्या वेळी गाव एका वकिलावर खवळलं होतं, तर शेरवानीवर काळा कोट चढला. वडिलांच्या काळात गाव कुणावरच पुरेसं खवळलं नाही, म्हणून पुन्हा शेरवानी. मी पुढे अंबाजोगाईच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागलो आणि सोंगांवर, मुखवट्यांवर सापडेल ते वाचलं. दूरदेशीही वर्षातून एखादा दिवस असा असतो, की चाकर मालकाचे कपडे घालतो आणि मालकाला हसावं लागतं. विद्वानांनी या प्रकाराला भारदस्त नावं दिली आहेत. आमच्याकडे त्याला नाव नव्हतं, शिंपी होता.

तो शिंपी म्हणजेच नरसिंह. वडिलांचा मित्र, आमचा काका. वर्षातून एकदा वडिलांना मारायचा आणि उरलेलं वर्ष आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून फुकट सुपारी खायचा. स्वभावाने नम्र मुळीच नव्हता. आपल्यासारखी डरकाळी मराठवाड्यात दुसऱ्या कुणाची नाही, असं तो गिऱ्हाईकाचं माप घेताना सांगायचा आणि पटलं नाही तर गळ्याचं माप घेताना फीत जरा आवळायचा. वैशाख लागला की गच्चीवर सराव. गावातली कुत्री आधी भुंकायची, मग सवय होऊन नुसतीच बघायची.

मग देशाचा बाजार खुला झाला. आमच्याकडे आधी नदी खुली झाली. रात्रंदिवस वाळूचे ट्रक निघायला लागले आणि त्यातल्या बऱ्याच ट्रकांवर एकाच माणसाच्या आईचं नाव होतं. त्याने बंगला बांधला, छतावर डिश लावली, गावाला केबल दिली. पांढरी सफारी, पांढरे बूट, गळ्यात गोफ, आणि येण्याआधी अत्तराचा वास. लोक त्याला दादा म्हणत. मी या लेखात वाळूवाला म्हणतो, कारण आता मला कुणाची भीती नाही.

वाळूवाल्याने देवळापुढच्या मंडपाला फरशी दिली. फरशीवर आपलं नाव कोरलं, ते नेमकं पाय ठेवायच्या जागी आलं, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. मग त्याला देवळात आणखी काहीतरी हवं झालं. उत्सवाच्या बैठकीत त्याने सांगितलं की यंदा नरसिंह मी होतो, हैदराबादहून नवा मुखवटा आणतो, बँड लावतो आणि व्हिडिओ शूटिंगही करतो. काका उठून म्हणाला, "मान आमच्या घराण्याचा हाय."

वाळूवाला हसला. "काका, तुमचा सिंह म्हातारा झाला. दात पडले त्याचे. आता त्यानं काजं-बटनं करावीत."

बैठक हसली. ताज्या फरशीवर बसलेली माणसं हसणारच. लाकडी मुखवटा "कुणाच्या डोस्क्यात पडंल, मी जपून ठेवतो" म्हणून त्याने बंगल्यावर नेला आणि हॉलमध्ये टीव्हीच्या वर टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, "अँटिक हाय."

उन्हाळ्याच्या सुट्टीला मी गावी आलो तेव्हा वैशाख लागून चार दिवस झाले होते आणि गच्चीवरून डरकाळी येत नव्हती. काका पायरीवर येत नव्हता. चौकशीला गेलो तर मशीनवर मान घालून बसलेला. म्हणाला, "बटनं लावतोय, मास्तर. सांगितलंय तेवढं करावं माणसानं."

त्या वाक्याने मला जे झालं त्याला राग म्हणत नाहीत. राग उतरतो. मला त्या माणसाचं वाईट व्हायला हवं होतं, शक्यतो लोकांसमोर, आणि शक्यतो त्याच्याच खर्चाने.

वडिलांचे गुडघे गेले होते, त्यामुळे त्या वर्षीचा हिरण्यकशिपू मी. गदा हातात देताना वडील दुकानातल्या पोत्यावर बसून म्हणाले, "एक ध्यानात ठिव. लाथेचा मान आपला हाय. आपण खांबाला लाथ मारल्याबगर त्याला भायेर येता येत न्हाई. मुखवटा चढवल्यावर बोलता येत न्हाई, चारचौघांत काढताबी येत न्हाई. आन् लाथ कवा मारायची, हे आजवर कुणी ठरवून दिल्यालं न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी काय म्हंजी? कालिजात शिकवतोस ना तू?"

नंतर ते स्वतः काठी टेकत काकाकडे गेले. मी मागे होतो. दारातूनच म्हणाले, "काय बे, राक्षसाला कपडे शिवतो का न्हाई यंदा? का मान गेला म्हून हातबी गेले?"

काकाने मशीन थांबवलं. मग मशीनच्या खालच्या खणातून पांढऱ्या कापडाचा तुकडा काढला. वाळूवाल्याने सफाऱ्यांसाठी दिलेल्या ताग्यातून उरलेला. गावातल्या सगळ्या सफाऱ्या शेवटी काकाच शिवत होता.

"माप हाय माझ्याकडं त्याचं," काका म्हणाला. "पोट जरा लावावं लागंल मास्तरला. उशी बांधू."

त्या दिवशी तो पायरीवर येऊन सुपारी खाऊन गेला.

जयंतीच्या दिवशी ऊन असं होतं की मंडपाची फरशी दुपारी कुणाच्याच कामाची नव्हती. खांब देवळासमोर उभा केलेला: बांबूचा सांगाडा, वर खळीने चिकटवलेली वर्तमानपत्रं, त्यावर गेरू आणि चुन्याचे पट्टे. आत एक स्टूल. काका आयत्या वेळी आत शिरायचा, कारण त्याला आतलं माहीत होतं. वाळूवाल्याला मात्र आत शिरतानाचंही शूटिंग हवं होतं, म्हणून ऊन कलायच्या आधीच बँड लागला. पीतांबर, छातीवर चमकी, हातात रबरी नखं. मुखवटा थेट मानेपर्यंत ओढायचा रबरी. आयाळ नायलॉनची. सिंह दिसत होता, पण सर्कशीतून काढून टाकलेला. टेबलफॅनचा विषय याच वेळी निघाला. वायर दिसेल म्हणून शूटिंगवाल्याने नको म्हटलं. शूटिंगवाला बीडहून आला होता. त्याला वाळूवाल्याची सक्त ताकीद होती की देव फुटतानाचा एक क्षणही सुटता कामा नये, हॅलोजन सुरुवातीपासून खांबावरच पाहिजे.

त्याने हॅलोजन खांबावर ठेवला. वाळूवाला आत स्टुलावर बसला आणि पोरांनी मागून कागद चिकटवून देव बंद केला.

मग मी निघालो.

हिरण्यकशिपूने आधी गावातून फिरायचं असतं, लोकांना दटावत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी दिसलो आणि आधी कुणालाच काही कळलं नाही. पांढरी सफारी, पांढरे बूट, पोटावर उशी, गळ्यात पितळी साखळी, आणि अत्तर एवढं की वडिलांना शिंका आल्या. एका म्हाताऱ्याने मला चक्क नमस्कार केला. मग मिशा दिसल्या. हशा पेटला तो पेटतच गेला. मी प्रत्येक दारापुढे थांबलो. प्रत्येकाला विचारलं, "फरशी पाहिजे का फरशी? नाव टाकून देतो." चहाच्या टपरीवर बसून चहा घेतला. राक्षसाने चहा घ्यावा की नाही, हेही कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. दुसरा कप मागितला.

देवळापाशी पोचलो तेव्हा सूर्य पिंपळाच्या बुंध्याला टेकला होता. खांब उभा. हॅलोजन चालू. बायका-माणसं दाटीवाटीने बसलेली, बरीचशी उपाशी, कारण हा उपास नरसिंह येऊन राक्षस मेल्याशिवाय सुटत नाही. बाजूला पन्ह्याची पातेली ओल्या फडक्याने झाकलेली. पोस्टमन प्रल्हाद हात जोडून उभा.

"काय रे कारट्या," मी ओरडलो, "कुठं हाय तुझा देव?"

"बाबा, देव समदीकडं हाय."

इथे राक्षसाने "या खांबात हाय का?" विचारायचं आणि लाथ घालायची. मी विचारलं, "पिठाच्या गिरणीत हाय का?"

पोस्टमन दचकला. मग माझ्या सफारीकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, आणि पान गालात सरकवलं. "हाय बाबा. लाइट असली की हाय."

"एस्टीत हाय का?"

"हाय. हुबा हाय. जागा न्हाई भेटली."

"तलाठ्याच्या कचेरीत हाय का?"

"जेवाया गेलाय बाबा. चारला या म्हणले."

लोक लोळायला लागले होते. मी दम घेतला. "नदीत हाय का?"

"व्हता," पोस्टमन म्हणाला. "उपसून नेला."

या वेळी हशा वेगळा झाला, खालच्या आवाजातला. खांब हलला. वारा नव्हता.

मी खांबाजवळ गेलो, त्याच्याभोवती सावकाश फेरी मारली. गेरूवर ओले डाग यायला लागले होते. आतून दबका आवाज आला, "मास्तर, मारा की लाथ."

"खांब बोलला!" मी गावाला सांगितलं. "मुखवट्यातला देव तर बोलत न्हाई. भूत दिसतंय कुणाचं तरी. पुजारीबुवा, काय करायचं?"

पुजारीबुवांनी वर आकाशाकडे पाहिलं. फरशी त्यांनाही आवडली नव्हती, पाय भाजायचे.

"मास्तर, गुदमरतंय हो."

"काय म्हणतंय बाबा ते भूत?" प्रल्हादाने विचारलं.

"म्हणतंय, काजं-बटनं करतो म्हणून."

काका गर्दीत पुढेच बसला होता. मी त्याच्याकडे बघत होतो, म्हणून खांब फाटला ते मला दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. लाथ न खाता देव बाहेर आला. रबरी मुखवटा कपाळावर सरकवलेला, खाली लालबुंद तोंड, पीतांबराला बांबूची कामटी अडकलेली. त्याने माझ्याकडे, प्रल्हादाकडे, कुणाकडेच पाहिलं नाही. सरळ पातेल्यापाशी गेला, फडकं फेकलं, वाटी बुडवली आणि नैवेद्य दाखवायच्या आधीचं पन्हं घटाघट प्याला. आणखी एक वाटी. मग तोंड पुसून वळला तर समोर पांढरी सफारी, पांढरे बूट, गोफ आणि पोट. आपल्यालाच असं समोर उभं बघायची वेळ सगळ्यांवर येत नाही. तो पहिल्यांदा माझं कापड बघत होता. कापड त्याने ओळखलं. मग गर्दीत शिंप्याला शोधलं. शूटिंगवाला इमानदार माणूस, एक क्षणही सोडत नव्हता.

"चला, झोपा आता," तो मला म्हणाला. "मारतो आन् मोकळं करू."

पुजारीबुवा खाली आले. "तसं न्हाई व्हत दादा. लाथेबगर देव आला, मुखवटा वर केला, नैवेद्य उष्टा केला. हे धरता येत न्हाई."

"मग परत शिरतो आत."

"खांब कुठं ऱ्हायलाय?"

मी गदा खाली टेकवली. "मी मरणार न्हाई," मी सांगितलं. एवढं समाधान देणारं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही.

"कावून?" वाळूवाला खेकसला.

उत्तर वडिलांनी दिलं, पारावरून, काठीवर हनुवटी ठेवून. "आमच्या घराण्यात लाकडाच्या मुखवट्याबगर कुणी मेल्यालं न्हाई. रबरानं काय मरावं माणसानं?"

"तो भिंतीला फिट केलाय."

"मग राक्षस जिता ऱ्हाईल. आमची काय ना न्हाई. दुकान उघडायला एक माणूस वाढंल."

मग पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली. वाळूवाल्याची सख्खी आत्या. "मेल्या, आण की ते लाकूड! सकाळधरनं थेंब न्हाई पोटात, आन् तू उभ्या-उभ्या पातेलं पितोस?" तिच्यामागे सगळ्या उपाशी बायका बोलायला लागल्या. वाळू उपसताना हे गाव त्याला कधी एवढ्या आवाजात बोललं नव्हतं. उपाशी बायकांपुढे ट्रक, डिश, फरशी यांचा उपयोग होत नाही. त्याने आपल्या मेव्हण्याला हाक मारली आणि जीपची चावी फेकली. फेकली ती पन्ह्यात पडली.

मुखवटा आला तेव्हा बघवत नव्हता. हॉलमध्ये शोभा यावी म्हणून नरसिंहाच्या जबड्यात लाल बल्ब बसवला होता. वायर आत घ्यायला कपाळाला भोक पाडलं होतं. घाईत उखडल्यामुळे वायरचा तुकडा अजून लोंबत होता. काकाने मुखवटा हातात घेतला, उलटा करून आत पाहिलं, बल्ब पिळून काढला आणि वाळूवाल्याच्या हातात ठेवला.

"तुमचा," तो म्हणाला.

लोकांनी पटापट फाटका खांब सुतळीने आवळून, कागद चिकटवून उभा केला आणि काका लाकडी मुखवटा चढवून आत शिरला. आतापर्यंत अंधारून आलं होतं आणि पुजारीबुवांना शंका आली. हिरण्यकशिपूला वर आहे, ना दिवसा मरण ना रात्री, म्हणून तर तिन्हीसांज. ती टळून गेली होती. पण शूटिंगवाल्याचा हॅलोजन अजून खांबावर होता. तिथे उभं राहिल्यावर दिवस आहे की रात्र, हे कुणालाच छातीठोक सांगता येईना. अट पुरी झाली असं बुवांनी जाहीर केलं.

मी विचारलं, "या खांबात हाय का?"

"हाय बाबा," पोस्टमन म्हणाला.

मी लाथ मारली. पणजोबांपासून कुणी मारली नसेल एवढी जोरात. काका कागद फाडून बाहेर आला आणि जी डरकाळी त्याने दोन आठवडे गिळून ठेवली होती ती सोडली. कुत्री भुंकली. त्याने मला मांडीवर आडवं घेतलं, सफारी गळ्यापासून खालपर्यंत टराटरा फाडली, उशी फोडली, आणि सरकीचा कापूस वाळूवाल्याच्या फरशीभर उडाला. बाईमाणूस, गडीमाणूस, सगळे ओरडत होते. पोट माझं फाडलं जात होतं, पण कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. वाळूवाला हातात लाल बल्ब घेऊन खांबाच्या बाजूला उभा होता, कपाळावर रबरी सिंह तसाच. काढायचं त्याला सुचलं नाही.

शूटिंगची कॅसेट त्याने घेतली नाही, पैसेही दिले नाहीत. बीडच्या माणसाने ती केबल चालवणाऱ्या पोराला देऊन टाकली. वाळूवाल्याच्याच डिशच्या वायरवरून ती गावातल्या सगळ्या टीव्हींवर दिसली, आणि ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता ते शेजाऱ्यांकडे जाऊन बसले. माझा सूड एवढा पुरा होईल असं मला वाटलं नव्हतं. यात मला काही चुकलं असं तेव्हा वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

मुखवटा देवळात परत गेला. मान काकाकडे राहिला आणि काका गेल्यावर त्याच्या मुलाकडे. उत्सव समितीने एकदा कपाळावरचं भोक लाकडाने बुजवायचं ठरवलं होतं, जुन्या ठेव्याला बाधा नको म्हणून. काकाने बुजवू दिलं नाही. वडिलांना म्हणाला, "ऱ्हाऊ दे बे. आत वारा लई चांगला येतो."